गिरणीची वाचा बसली

"रविवारी संध्याकाळपर्यंत ताईच्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल," धाकट्यानं जेवता जेवता जाहीर केलं.

"टाचणी कोण पाडणार आहे?" बाबांनी विचारलं.

"बोलायची पद्धत आहे, बाबा."

"नाही, आधी सांगितलेलं बरं. मी घरात अनवाणी फिरतो."

ताईनं ताटातून मान वर करून भावाकडे एकदा पाहिलं. हे पाहणं धाकट्याच्या चांगलंच ओळखीचं होतं. लहानपणी त्यानं तिच्या सायकलचे ब्रेक सुधारून दिले होते, तेव्हाही ती अशीच पाहत होती. फक्त तेव्हा तिच्या कोपराला पट्टी होती.

प्रश्न गिरणीचा होता. गिरणी हे नाव आईनं ठेवलेलं. धाकट्याच्या मते तो सर्व्हर होता. कुठल्याशा बंद पडलेल्या कार्यालयातून आणलेला पत्र्याचा चपटा डबा, त्यात त्यानं स्वतः जुळवलेले सुटे भाग, आणि त्या भागांमध्ये घरातले सगळे फोटो, सगळी गाणी आणि धाकट्याच्या नाना प्रयोगांची आकडेवारी. डब्याच्या तोंडाशी मुठीएवढे पंखे ओळीनं बसवले होते. कार्यालयात अशी यंत्रं वेगळ्या खोलीत कोंडून ठेवतात. तिथे माणसं राहत नाहीत, त्यामुळे ते पंखे बनवणाऱ्यानं माणसाच्या कानांचा विचार केलेला नसतो. अष्टौप्रहर ते असे घरघरत, की पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा बूट काढता काढता विचारी, "खाली गिरणी आहे वाटतं?"

गिरणी ताईच्या खोलीत होती, कारण इंटरनेटची तार त्याच खोलीच्या खिडकीतून आत येई आणि त्या खोलीचं दार नीट लागे. दार नीट लागतं, हा मुद्दा ताई सोडून सगळ्यांना पटला होता.

ताई घरी बसून माहितीपुस्तिकांचे अनुवाद करायची. धुलाईयंत्र, मिक्सर, गिझर, जे येईल ते. 'सदर उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये' या वाक्याचे तिनं इतके अवतार लिहिले होते, की ती चिडली तरी त्याच भाषेत चिडायची. पण तिला व्हायचं होतं दुभाषी. एक माणूस बोलतो आहे आणि त्याच्या पाठोपाठ आपण तेच दुसऱ्या भाषेत बोलतो आहोत, हे काम तिला मनापासून हवं होतं. मिक्सर कधी उलट बोलत नाही, असं ती म्हणायची. तिनं एका संस्थेत अर्ज केला, परीक्षेचं बोलावणं आलं, परीक्षा घरूनच संगणकावर द्यायची होती. ती सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच परीक्षक बाईंनी तिला थांबवून विचारलं होतं, "माफ करा, आपण विमानातून बोलता आहात का?"

बाई सज्जन. त्यांनी आणखी एक तारीख दिली, येत्या सोमवारची. सोबत बजावलं, की यापुढे तारीख मिळणार नाही. खोली शांत हवी, परीक्षा चालू असताना आत कुणी येता कामा नये आणि मोबाइल खोलीबाहेर राहील.

"सोमवारपुरती गिरणी बंद ठेव," ताई म्हणाली होती. "एवढंच मागणं आहे."

"नेट गिरणीतून येतं."

तेही खरंच. धाकट्यानं रचनाच अशी केली होती, की बाहेरून आलेलं इंटरनेट आधी गिरणीत शिरे, तिथे चाळलं जाई आणि मगच घरभर पसरे. त्यामुळे जाहिराती गळून पडतात, असं त्याचं म्हणणं होतं. घरच्यांना जाहिराती पूर्वीइतक्याच दिसत, पण त्यानं समजावून सांगितल्यावर त्या कमी वाटत.

"मग सोमवारपुरतं पूर्वीसारखं थेट जोड."

"जोडता येईल," धाकटा म्हणाला आणि जरा घुटमळला, कारण खरोखरच जोडता आलं असतं. एक तार काढून दुसरीकडे खोचायची, एवढंच काम होतं. "पण ती मलमपट्टी झाली. मूळ दुखणं तसंच राहतं."

"मूळ दुखणं माझ्यासमोर बसून आमटी भुरकतंय," ताई म्हणाली.

"मोबाइलच्या नेटवर दे की परीक्षा," बाबांनी सुचवलं. पण त्या घरात मोबाइलला रेंज येत नसे. बोलायचं झालं तर दाराबाहेर, जिन्याच्या चौकात जाऊन उभं राहावं लागे.

यानंतर टाचणीची घोषणा झाली होती.

धाकटा नुकताच पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाला होता. बाबा त्याला संशोधक म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचं प्रमाण दिवसागणिक बदलत असे. आवाज म्हणजे काय, तो कुठून निघतो, कशातून जातो, हे सगळं त्याला नीट ठाऊक होतं. इतकं नीट ठाऊक असलेली गोष्ट आपलं ऐकणार नाही, अशी शंका त्याला शिवलीसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी त्यानं पहिला सिद्धांत मांडला. "पंख्याचा निम्मा आवाज पंख्याचा नसतोच. पंखा थरथरतो, त्यानं पत्रा थरथरतो, त्यानं टेबल थरथरतं. मध्ये रबर घातलं की साखळी तुटली."

रबर बाबांच्या सायकलच्या ट्यूबमधून आलं. बाबांनी ती ट्यूब जुनी नसल्याचं सांगितलं, पण तोवर तिचे तुकडे झाले होते. धाकट्यानं प्रत्येक पंख्याखाली एक आणि डब्याच्या प्रत्येक पायाखाली एक तुकडा बसवला. टेबल थरथरायचं खरोखरच थांबलं. गिरणी थांबली नाही.

"आता ती गादीवर बसून ओरडते आहे," आई म्हणाली.

दुपारी दुसरा सिद्धांत आला. आवाज हवेतून जातो, तेव्हा वाटेत मऊ, सच्छिद्र असं काहीतरी उभं केलं की तो त्यात जिरतो. सर्वांत जवळचा मऊ, सच्छिद्र पदार्थ सोफ्याच्या बैठकीत होता. धाकट्यानं चेन उघडली, फोम काढला, त्याचे काप करून गिरणीला चारही बाजूंनी आणि वरून लपेटलं आणि सोफ्याची चेन शिस्तीत पुन्हा लावून टाकली. याची वाच्यता करावी असं त्याला वाटलं नाही, कारण त्याचं सगळं लक्ष कानांत होतं. खोली शांत झाली होती. अगदी टाचणीएवढी नाही, पण वाटी पडली असती तर ऐकू आली असती.

संध्याकाळी बाबा बातम्या पाहायला नेहमीच्या जागी बसले आणि दिसेनासे झाले. म्हणजे अगदीच नाहीत, गुडघे दिसत होते.

"संशोधक," गुडघ्यांच्या मागून आवाज आला, "मला बाहेर काढ आणि मग मला सांग."

त्यांना बाहेर काढेपर्यंत खोलीतून पुन्हा घरघर सुरू झाली होती, आणि ती पूर्वीपेक्षा वरच्या पट्टीत होती. गिरणीला आपलं तापमान मोजायची सोय होती, आणि तापलं की पंखे जोरात फिरवायची अक्कलही होती. फोमनं आवाज कोंडला तशी उष्णताही कोंडली. तोंड दाबावं तितकी ती आत तापत होती आणि तापावी तितकी ओरडत होती.

ताई दाराशी येऊन उभी राहिली. "'सदर उपकरण झाकून ठेवू नये.' हे वाक्य मी प्रत्येक पुस्तिकेत लिहिते. तू एक जरी पुस्तिका वाचली असतीस ना, तर सोफा वाचला असता."

"उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे," धाकटा म्हणाला.

"माझ्याकडे नाही," ती म्हणाली. या वेळी ती चिडली नव्हती, आणि त्यामुळेच धाकट्याला ते लागलं. "तुला पुढच्या शनिवारी नवीन प्रयोग सुचेल. माझं हे गेलं की मी आहे आणि मिक्सर आहे."

रविवारी तो गंभीरपणे कामाला लागला. दुकानातून त्यानं ताटलीएवढे दोन मोठे पंखे आणले आणि नाश्त्याच्या वेळी टेबलावर ठेवून समजावलं, "हवा तेवढीच ढकलायची असेल तर लहान पंख्याला जीव तोडून पळावं लागतं. मोठा पंखा रमतगमत फिरला तरी चालतं. आवाज पळण्याचा असतो, कामाचा नसतो."

"म्हणजे मी आणि तुझे बाबा," आई म्हणाली.

"मी रमतगमत फिरत असेन, पण हवा लागते ना घराला?" बाबा म्हणाले.

मोठे पंखे चपट्या डब्यात मावेनात, म्हणून धाकट्यानं पत्रा कापायच्या कात्रीनं झाकणाला दोन भोकं पाडली आणि पंखे वरच बसवले. गिरणी आता उघड्यावर ठेवलेल्या शेगडीसारखी दिसत होती. मग त्यानं पंख्यांचा वेग ठरवणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. गिरणी थंड असेल तोवर पंख्यांनी जेमतेम फिरायचं, अगदीच तापली तर थोडं जास्त. जुने पंखे काढून टाकले. बटण दाबलं.

सगळं घर ताईच्या खोलीत जमलं होतं. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीला खोलीसारखा आवाज होता, म्हणजे आवाजच नव्हता. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो आहे, हे इथवर कळत होतं. शेजारच्या बिऱ्हाडात कुणीतरी वर्तमानपत्राची घडी घातली. बाबा पलंगावर टेकले तेव्हा त्यांचा गुडघा कटकन वाजला, आणि तो वाजतो हे बाबांनाही नव्यानं समजलं.

"चालू आहे?" ताईनं कुजबुजत विचारलं.

धाकट्यानं पुढच्या निळ्या दिव्याकडे बोट दाखवलं. तो लुकलुकत होता.

ताईनं खुर्चीत बसून कॅमेरा लावून पाहिला. तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर निळा उजेड उघडझाप करत होता. "हे काय, रुग्णवाहिका आल्यासारखं दिसतंय. झाक ते."

धाकट्यानं दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. आता गिरणीला ना आवाज होता, ना उजेड. ती चालू आहे, ही गोष्ट फक्त धाकट्याला माहीत होती आणि गिरणीला.

त्या संध्याकाळी ताई त्याला "थँक्स" म्हणाली. एवढंच म्हणाली, पण आपण घरासाठी केलेल्या एखाद्या कामाबद्दल हा शब्द ऐकण्याची त्याची ती पहिलीच वेळ असावी.

सोमवारी सकाळी आईनं बंदोबस्त हातात घेतला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. नळाखाली फडकं ठेवलं. ती फ्रिजही बंद करणार होती, पण दुधाच्या बाजूनं बाबा उभे राहिले. कुणी घंटी वाजवू नये म्हणून ती स्वतः दाराबाहेर, जिन्याच्या चौकात स्टूल टाकून बसली. ताईचा मोबाइल खोलीबाहेर ठेवायचा होता, तो तिनं मांडीवर घेतला. बाबांना सांगितलं होतं, की खोकायचं असेल तर मोरीत जाऊन खोका. धाकटा ताईच्या बंद दाराला कान लावून उभा होता.

पहिला भाग सुरेख गेला. समोरून मराठी भाषण यायचं आणि ताई ते परक्या भाषेत बोलायची. धाकट्याला त्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण ताईचा आवाज पाण्यासारखा वाहत होता, हे कळत होतं. मध्ये मध्ये बाई "छान" म्हणत. दुसऱ्या भागात कुणा मंत्र्याचं जलसिंचनावरचं भाषण होतं. हे मंत्री सावकाश बोलणारे होते. एक वाक्य टाकून, श्रोत्यांना ते गिळायला वेळ देऊन, मग दुसरं टाकत. ते थांबले की ताई थांबे. दुभाष्यानं वक्त्याच्या पुढे पळायचं नसतं आणि वक्ता गप्प असताना आपल्या पदरचं बोलायचं नसतं, हा त्या धंद्याचा पहिला धडा. नीट ऐकू यावं म्हणून ती ऐकताना डोळे मिटून घेई, आणि डोळे उघडले तर स्वतःचाच चेहरा दिसू नये म्हणून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर तिनं एक कागद चिकटवला होता.

याच सुमारास बाबा पाणी प्यायला म्हणून पायांच्या चवड्यांवर घरातल्या बोळातून निघाले.

बाबांची सगळी नोकरी लोकांच्या घरातले विजेचे मीटर वाचण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर वाचायला मीटर एकच उरला, तो स्वतःचा. त्यामुळे घरात फिरताना विनाकारण चालू राहिलेलं बटण दिसलं, की त्यांचा हात मेंदूला न विचारता तिकडे जाई. ताईच्या खोलीत भिंतीवर प्लगला जागा अपुरी, म्हणून गिरणीची वायर दाराखालून बोळातल्या एक्स्टेंशन बोर्डाला आणलेली होती. त्या बोर्डावरूनही बाबांचा हात रोज जायचा, पण आतली घरघर ऐकून मागे यायचा. इतके दिवस त्या घरघरीनंच बटणाची राखण केली होती. आज आतून काहीही ऐकू येत नव्हतं. बटण मात्र चालू होतं.

बाबांनी ते हळूच, आवाज न करता बंद केलं. पाणी प्यायले आणि चवड्यांवरच परत गेले. त्या वेळी धाकटा दाराला कान लावून, डोळे मिटून उभा होता. आई त्याला बऱ्याचदा म्हणायची, की तुझे डोळे मिटलेले असले की तुझ्या पाठीमागून हत्ती नेला तरी तुला कळायचं नाही.

आत मंत्री थांबले. ताई थांबली.

मंत्री बोलेनात. ताई डोळे मिटून, पेन हातात धरून वाट पाहत राहिली. भाषण ऐन रंगात होतं, धरणाचा मुद्दा यायचा होता. अशा ठिकाणी वक्ते जास्त थांबतात, हे तिला अनुभवानं माहीत होतं. मध्येच तिनं डोळे किलकिले करून पाहिलं, तर परीक्षक बाई तिच्याकडे टक लावून पाहत होत्या. पापणीही लवत नव्हती. आपला संयम पाहताहेत, असं समजून ताईनं पुन्हा डोळे मिटले.

दाराबाहेर धाकटा ती शांतता ऐकत होता. नळ नाही, घड्याळ नाही, पंखा नाही, ताईसुद्धा नाही. इतकी निखळ शांतता आपण निर्माण केली, या विचारानं त्याला जरासं भरून आलं.

जिन्यात मोबाइल थरथरला. आईनं तो उचलला आणि तोंडावर हात धरून बोलली.

"हॅलो. ती नाही येऊ शकत. परीक्षेला बसलीय."

"हो, मला माहीत आहे. मीच परीक्षा घेते आहे."

"मग घ्या की. आम्ही कुणी अडवलंय?"

"अहो, पण ती मला दिसत नाहीये."

"दिसेल कशी? ती आत आहे. दार लावलंय."

"आपण कोण?"

"मी आई तिची. आणि तुम्ही परीक्षा घेताय तर मध्येच फोन कशाला करताय? पोरगी किती तयारी करून बसलीय. एका वेळी एक काम करावं माणसानं."

आईनं फोन ठेवला. तो पुन्हा थरथरला तेव्हा तिनं कट केला. तिसऱ्यांदा मात्र तिला राहवेना. घरात येऊन, धाकट्याच्या कानाशी लागून ती विजयी सुरात कुजबुजली, "कुणीतरी बाई सारखा त्रास देत होती. म्हणे मीच परीक्षा घेते. दिलं हाकलून."

धाकट्यानं डोळे उघडले. स्वतःचा मोबाइल काढून पाहिला. नेट नव्हतं. त्यानं बोर्डाकडे पाहिलं.

"बटण कुणी बंद केलं?"

"मी," हॉलच्या दाराशी उभे असलेले बाबा कुजबुजले. "यंत्र बंदच होतं ते."

"चालू होतं, बाबा."

"मग आवाज कुठे येत होता?"

या प्रश्नाचं उत्तर धाकट्यानं शनिवार-रविवार खपून तयार केलं होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

आत जायला मनाई होती. नेट गेलं असलं तरी मनाई गेली आहे की नाही, हे त्याला ठरवता येईना. त्यानं एका चिठोऱ्यावर 'नेट गेलंय' असं लिहिलं आणि दाराखालून आत सरकवलं. क्षणभर काही झालं नाही. मग चिठोरं बाहेर आलं. ते न वाचता, पायाच्या अंगठ्यानं ढकललेलं दिसत होतं. त्यानं पुन्हा सरकवलं. ते आणखी जोरात परत आलं. आत ताई कॅमेऱ्याकडे पाहून, आपला याच्याशी काही संबंध नाही असं हसत होती. परीक्षेच्या मध्यात भाऊ दाराखालून कागद देतो, हे बाईंनी पाहिलं तर काय, या भीतीनं तिनं हसू आणखी ताणलं. बाई अजून तशाच, टक लावून.

"तिला उत्तरं सांगतोयस का?" बाबांनी विचारलं.

"मला ती भाषा येते का, बाबा?"

"म्हणूनच विचारतोय."

धाकट्यानं शेवटी बटण चालू केलं.

आता अशा यंत्राचं असं असतं, की वीज आली की ते पंखे आधी पूर्ण वेगानं फिरवतं. वेग आवरणारा प्रोग्रॅम मागाहून जागा होतो. आणि वीज मध्येच तोडली असेल, तर यंत्र आधी आपल्या सगळ्या हार्डडिस्क तपासत बसतं, त्यामुळे तो प्रोग्रॅम आणखी उशिरा जागा होतो. धाकट्याला हे माहीत होतं. दोन मोठे पंखे, उघड्यावर, वर तोंड करून, पूर्ण वेगानं फिरले तर काय होतं, हे मात्र त्यानं करून पाहिलेलं नव्हतं.

ते आता सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे ऐकलं. दार आतून थडथडलं. ताईच्या टिपणांचे कागद छताला जाऊन आले. पडद्याच्या कोपऱ्यावर चिकटवलेला कागद उडाला आणि त्याखाली लिहिलेलं दिसलं: 'संपर्क तुटला आहे'.

दार उघडलं. ताईचे केस एका बाजूला गेले होते.

"मंत्री थांबले होते," ती म्हणाली.

"मंत्री नव्हते थांबले. नेट थांबलं होतं."

"किती वेळ?"

धाकट्यानं परत आलेलं चिठोरं पुढे केलं. ताईनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून काहीतरी निघणार तेवढ्यात आईच्या हातातला मोबाइल एकदा, अर्धवटच थरथरला. दाराजवळ रेंजचा एखादा कण असावा. आईनं तो निखारा धरल्यासारखा पुढे केला.

"मघाचीच बाई आहे गं. घेऊ?"

ताई तो हिसकावून जिन्याच्या चौकात पळाली. मागून सगळे.

परीक्षक बाई खरोखरच सज्जन होत्या. पहिला भाग पूर्ण झाला आहे, म्हणाल्या, दुसरा अर्धा राहिला. पण निकाल आजच वर पाठवायचा आहे, तेव्हा उरलेला भाग आत्ता, या फोनवरच पुरा करायचा असेल तर करा, नाहीतर राहू द्या. आणि मघाशी बोलल्या त्या आपल्या मातोश्री का?

"हो," ताई म्हणाली. "सुरू करा."

ती जिन्याच्या कठड्याला पाठ टेकून उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले. मंत्री धरणावर आले. खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. वरच्या मजल्यावर एक कुत्रं भुंकत होतं. घराच्या उघड्या दारातून गिरणीचे पंखे अजून गरजत होते. धाकटा ते बंद करायला आत धावला आणि दारातच थबकला, कारण बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. त्यानं दारच ओढून घेतलं. किल्ली आत राहिली, हे नंतर लक्षात आलं.

ताई बोलत होती. तिचा आवाज आता पाण्यासारखा वाहत नव्हता, चढावर सायकल मारल्यासारखा चालला होता, पण थांबत नव्हता. तेवढ्यात खालून चार हमाल एक लाकडी कपाट घेऊन वर आले. पुढचा हमाल ओरडला, "ओ ताई, सरका बाजूला, कपाट येतंय, कोपरा लागंल."

ताईनं डोळे उघडले नाहीत. ती सरकली, आणि सरकता सरकता, श्वासही न घेता, तिनं ते वाक्यही परक्या भाषेत बोलून टाकलं. मंत्रिमहोदयांच्या धरणातून एक कपाट निघून गेलं. पुढच्याच वाक्याला ती पुन्हा कालव्यांवर होती.

फोन संपल्यावर ती पायरीवर बसली. बराच वेळ कुलूपवाल्याची वाट पाहत चौघं जिन्यात बसून होते, आणि बंद दाराआड गिरणी कधीच शांत झाली होती.

निकालाचं पत्र बुधवारी आलं. ताईनं ते आधी मनात वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि मग तिच्या चेहऱ्याचं काय करायचं हे तिलाच कळेना.

"मोठ्यानं वाच," आई म्हणाली.

"'परीक्षेच्या पहिल्या भागातला ध्वनी असाधारण स्वच्छ असून तो राहत्या घरातला वाटत नाही. बोलणं आधी ध्वनिमुद्रित करून ऐकवलं असण्याची शक्यता समितीला नाकारता येत नाही. सबब पहिला भाग विचारात घेतलेला नाही.'"

धाकट्यानं मान खाली घातली.

"'दुसरा भाग मात्र निःसंशय प्रत्यक्ष आणि जिवंत आहे. प्रतिकूल परिस्थितीतही उमेदवाराचं लक्ष ढळलेलं नाही. कपाटाचा अनुवादही अचूक आहे. निवड करण्यात येत आहे.'"

आईनं पदराला डोळे पुसले. ताई हसायला लागली ती थांबेना. धाकट्याला आनंद झाला होताच, पण त्याच्या बुद्धीनं त्या पत्रातलं एक वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं.

"असाधारण स्वच्छ म्हटलंय," तो म्हणाला. "किती डेसिबल वगैरे काही दिलंय का?"

"सदर उपकरणाशी," ताई हसता हसता म्हणाली, "वाद घालू नये."

बाबा मात्र विचारात पडले होते. "म्हणजे पहिला भाग धरलाच नाही," ते सावकाश म्हणाले. "दुसराही पहिल्यासारखाच झाला असता, तर तोही धरला नसता. म्हणजे मी जर त्या वेळी बटण..." ते वाक्य तसंच टाकून उठले, चपला घातल्या आणि आत्याला फोन लावायला जिन्यात गेले.

घरात आता कसलीच घरघर नव्हती, त्यामुळे धाकट्याला ताईच्या खोलीत बसूनही जिन्यातला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"हो, लागली नोकरी. अगं, मीच केलं ते, वेळेवर लक्षात आलं म्हणून... नाही नाही, त्याचा काही उपयोग झाला नाही. तो त्या वेळी दाराखालून चिठ्ठ्या सरकवत होता."